नातीची आंघोळ आणि जवळ्याची चटणी

पूर्णगडच्या किल्ल्याखालच्या वाडीत गेल्या वीसेक वर्षांत जन्माला आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर जनीआतेच्या पायांवरून गेलेलं आहे. त्यातल्या काहींना आता मिशा फुटल्या आहेत. ते नाक्यावर मोटारसायकलला टेकून उभे राहतात आणि स्वतःला कोणीतरी समजतात; पण समोरून जनी आली की सरळ होतात. कारण ती चारचौघांत सांगायला कमी करत नाही, की ह्याची टाळू मी भरलेली आहे आणि ह्याने माझ्या लुगड्यावर काय काय केलंय ते मला विचारा.

जनीचा पोटापाण्याचा धंदा मासे विकण्याचा. पहाटे होड्या लागल्या की बंदरावरून पाटी भरून घ्यायची, पावसच्या बाजारात बसायचं, दहाच्या सुमाराला परत यायचं आणि लिंबाच्या सालीने हात चोळचोळून धुवायचे. मग ज्या घरी बाळंतीण असेल तिकडे जायचं. ह्या कामाचं ती काही घेत नाही. बारशाला नारळ आणि चोळीचा खण मिळाला की झालं. पाटावर बसून पाय लांब करायचे, साडी गुडघ्यापर्यंत खोचायची, पोराला पायांवर पालथं घालायचं, तेल जिरवायचं, कोपराने पाण्याचा ताव बघायचा आणि तांब्या अशा बेताने कलता करायचा की पाणी पोराच्या पाठीवरून पन्हळीतून यावं तसं निघून जातं. हे सगळं चालू असताना तोंड बंद ठेवायचं नाही. पोराच्या आत्याला, मामाला, वाडीतल्या प्रत्येकाला नावं ठेवत आंघोळ उरकायची. बाळाला त्यातलं काय कळत असेल ते असो, बाळंतिणीचं मन रमतं.

अशाच एका आंघोळीत शेजारच्या सखारामाच्या नातवाने जनीचं मंगळसूत्र मुठीत धरलं. पोराची मूठ म्हणजे खेकड्याची नांगी. सोडवायला त्याची आई वाकली, तर मंगळसूत्र बाजूला झालं आणि तिला जनीच्या गळ्याशी, कंठमण्याच्या जरा खाली, आवळ्याएवढी गाठ दिसली. तिने विचारलं, आते, हे काय गो?

जनीला ती गाठ ठाऊक होती. वर्षभर ठाऊक होती. पण तिने स्वतःपुरता निकाल देऊन टाकला होता, की जन्मभर डोक्यावर पाटी वाहिली म्हणून मानेची शीर फुगली. दुखत नाही, खुपत नाही, मग दुखणं कसलं? जे दुखत नाही त्याच्यासाठी डॉक्टरकडे जाणं म्हणजे न जळलेल्या घरावर पाणी मारणं, असं तिचं मत. सखारामाच्या सुनेने मात्र त्याच दुपारी जनीच्या लेकीला, नम्रताला, फोन केला. नम्रता लग्न होऊन रत्नागिरीत राहायला गेलेली आणि तिला नुकतेच दिवस गेलेले. ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन हजर झाली. आईने पाटी, बाजार, गिऱ्हाईक अशी सगळी कारणं सांगून बघितली. शेवटी नम्रताने सांगितलं, की तू आली नाहीस तर मी इथेच उपाशी बसेन. पोटुशी बाई उपाशी बसणार म्हटल्यावर जनीचं काय चालणार?

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई वयाने नम्रताहून थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी जनीला पेलाभर पाणी दिलं आणि प्यायला सांगितलं. जनी प्यायली. त्यांनी परत एक घोट घ्यायला लावला आणि गळ्याकडे बघत राहिल्या. घोट उतरताना गाठ वर जात होती आणि खाली येत होती. त्या म्हणाल्या, ही शीर नव्हे, ही थायरॉईडची गाठ आहे. गळ्यात पुढच्या बाजूला पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. अंगातली सगळी कामं किती वेगाने व्हायची ते ती ठरवते. तिच्यात गाठी बऱ्याच बायकांना होतात आणि बहुतेक साध्या असतात. पण कुठली साधी आणि कुठली नाही, हे नुसतं बघून कळत नाही.

मग रक्त तपासलं, ते अगदी व्यवस्थित निघालं. भिकाजीला, म्हणजे जनीच्या नवऱ्याला, तेवढ्यावरच घरी जायचं होतं. पण सोनोग्राफीत गाठीचं रूप काही बरं दिसेना, म्हणून बारीक सुई घालून तिच्यातला कण काढून तपासायला पाठवला. जनीने नंतर वाडीत सांगितलं, की सुरमईचा काटा घशात अडकतो त्याच्या निम्मंसुद्धा दुखलं नाही. रिपोर्ट आला त्यात मात्र कर्करोग होता. पॅपिलरी, असं त्याचं नाव.

कॅन्सर हा शब्द कानावर पडला आणि भिकाजी उठून बाहेर जाऊन बसला. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला, वादळात होडीच्या टोकाला, नाळेवर, उभा राहिलेला माणूस. नम्रता रडायला लागली. जनी तेवढी सरळ बसून होती. डॉक्टरीणबाईंनी तिघांना परत एकत्र बसवलं आणि शांतपणे समजावलं, की कॅन्सर म्हणजे एकच एक राक्षस नव्हे, त्यातही जातीजाती असतात. ही जात सावकाश चालणारी. वेळेवर काढून टाकली की बहुतेक माणसं पुढे म्हातारी होऊन, नातवंडं-पतवंडं बघूनच जातात. ऑपरेशन करून ती सबंध ग्रंथी काढायची. मग तिचं काम करायला रोज सकाळी एक गोळी, ती जन्मभर. आणि गळ्यात कुठे चुकार पेशी राहिल्या असतील तर त्यांच्यासाठी मुंबईला जाऊन किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं, एकदाच, एक कॅप्सूल.

जनीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नम्रताचं बाळंतपण माघात हाय. तवर सगळं आटपंल ना? तिच्या पोराला न्हाऊ मला घालायचंय."

डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. त्यांनी कॅलेंडर काढलं. ऑपरेशन दिवाळीआधी, आयोडीन मार्गशीर्षात. त्यानंतर काही आठवडे गरोदर बाई आणि तान्हं मूल ह्यांच्यापासून दूर राहायचं, कारण औषधाचे किरण अंगातून हळूहळू ओसरतात. पण माघापर्यंत ते सगळं मागे पडलेलं असेल. चालेल, त्या म्हणाल्या. जनीने पदर सावरला. घरी आल्यावर मात्र ती न्हाणीत गेली, पाणी सोडलं आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि भिकाजीला म्हणाली, की बसलायस काय, चुलीवर भात ठेव.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या वळीत एक आडवी रेघ राहिली, पोवळ्यांची माळ घातली की झाकली जाते. बोटांना आणि ओठांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा जनी घाबरली. पण ते कॅल्शियम उतरल्यामुळे होतं असं निघालं आणि गोळ्यांनी थांबलं. आवाज तेवढा महिनाभर बसला. गळ्यातली आवाजाची नस त्या ग्रंथीला चिकटून जाते, ती थोडी दुखावली होती. सुधारेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि तो हळूहळू बराचसा सुधारलाही. पण त्या महिन्यात पावसच्या बाजारातल्या बायकांनी हात धुऊन घेतले. एरवी जनीशी घासाघीस करायची कोणाची छाती नसायची. आता ती नुसतीच खरखरायची, आणि बायका बांगडे अर्ध्या भावात पिशवीत टाकून चालू पडायच्या. भिकाजी म्हणायचा, बत्तीस वर्षांत मला हा महिना पहिल्यांदाच लाभलाय, कोणी मोडता घालू नका.

मुंबईला जायच्या आधी दोन आठवडे पथ्य होतं. आयोडीनचं मीठ बंद, मासे बंद, दूध आणि अंडं बंद. हे कशाला, हे भिकाजीला कळेना. आयोडीन द्यायचंय म्हणता आणि आयोडीनच खाऊ नको म्हणता? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की थायरॉईडच्या पेशींना आयोडीनची भूक असते. त्यांना आधी उपाशी ठेवायचं, म्हणजे मग औषधाचं आयोडीन आलं की त्या तुटून पडतात, आणि त्यातच मरतात. भिकाजीचा चेहरा उजळला.

"म्हणजे गळच की वो. पोट भरलेला मासा आमिषाकडं ढुंकून बघत नाय. उपाशी असंल तोच लागतो."

त्यानंतर हा दृष्टांत त्याने बंदरावर, नाक्यावर, एसटीत, जो भेटेल त्याला ऐकवला. वाडीतल्या अर्ध्या लोकांना थायरॉईडचा उपचार भिकाजीच्या तोंडून कळला आणि तो बराचसा बरोबर कळला, हे कबूल करायला हवं.

जनीने पथ्य पाळलं, तेही कडक. रोज सकाळी पापलेट-सुरमई विकायची आणि दुपारी सैंधव घातलेल्या कुळथाच्या पिठीशी भात खायचा, ह्याला काय म्हणतात ते मासे खाणाऱ्यालाच कळेल. चहा कोरा. त्यात गोळीही बंद ठेवलेली, म्हणून अंग जड, डोळ्यांवर झापड, कोवळ्या उन्हातसुद्धा थंडी. पण एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. मुंबईच्या इस्पितळात पोचली तेव्हा ती अगदी ताठ मानेने सिस्टरसमोर बसली. सिस्टरने विचारलं, मीठ? बंद. मासे? शिंतोडासुद्धा नाही. मग जेवलात काय, मावशी? जनीने अभिमानाने सांगितलं, भाकरी, भात, पिठी आणि तोंडी लावायला चटणी. सिस्टरने लिहिता लिहिता सहज विचारलं, चटणी कसली?

जवळ्याची, जनी म्हणाली.

सिस्टरचा हात थांबला. जनीला त्यात काही वावगं दिसेना. ती समजावून सांगायला लागली, की बाय, आयोडीन असतं मिठात; आणि बांगडा खारवतात, सुरमई खारवतात तसा जवळा खारवत नाहीत. ती बारीक कोलंबी, नुसती उन्हात वाळते, तिला मिठाचा कणही लागत नाही. आणि मासे बंद म्हणजे मासे बंद. मासा म्हणजे ज्याला डोकं-शेपटी असते, जो चिरावा लागतो, ज्याचं कालवण होतं. जवळा काय मासा आहे? तो बरणीत असतो, लसणीशेजारी. असा जवळा ती चौदाही दिवस, दोन्ही वेळा, खोबरं आणि मिरची लावून खात आली होती.

मोठे डॉक्टर आले आणि हसले. त्यांनी सांगितलं, समुद्रातलं जे जे आहे त्या सगळ्यात आयोडीन असतं, मीठ लावा की न लावा. तुमच्या पेशी पोटभर जेवून बसल्या आहेत. आता आमिष टाकून उपयोग नाही. भिकाजीने कपाळावर हात मारला, कारण दृष्टांत त्याचाच होता. हे औषध दिल्यावर माणसाला एकटं ठेवायच्या खास खोल्या थोड्या आणि त्यांना रांग मोठी, म्हणून पुढची तारीख मिळाली ती थेट माघाची. तोवर गोळी परत सुरू करायची आणि वेळ आली की परत बंद.

परतीच्या गाडीत जनी राजापूर रोड येईस्तोवर बोलली नाही असं भिकाजी सांगतो. उतरायचं होतं रत्नागिरीला, दोघांनाही झोप लागून गाडी पुढे गेली, हे तो सांगत नाही.

माघ म्हणजे नम्रताचे भरत आलेले दिवस. जनीने ताबडतोब जाहीर केलं, की बाळंतपण आटपल्याशिवाय मी मुंबईला जात नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, थोडं थांबलं तर आभाळ कोसळत नाही, पण ऑपरेशनात गळ्यातल्या दोन लसिकाग्रंथींपर्यंत आजार गेलेला दिसला होता, त्यामुळे लांबवत बसू नये असं माझं मत. ठरवा तुम्ही. जनीने ठरवलंच होतं. मग नम्रता आली, आठवा महिना सांभाळत, धापा टाकत, आणि आईसमोर बसली. ती फारसं बोलणारी मुलगी नव्हे.

"आई, पोराला पयली आंघोळ कोणी पण घालील. मला तू पुढचे सगळे शिमगे पायजेस."

जनी म्हणाली, पोटातलं पोर घेऊन आवशीला शिकवायला आली. पण ती गेली.

ह्या खेपेला पथ्यात काही घोळ नको म्हणून भिकाजीने जवळ्याची बरणी सखारामाकडे नेऊन ठेवली. सखारामाने ती रिकामी करून परत दिली. मुंबईला जनीला जाड दाराच्या खोलीत ठेवलं, औषध शिशाच्या जड डब्यातून आणलं आणि त्यातून निघाली एक एवढीशी कॅप्सूल. एवढ्याशा गोळीसाठी एवढा थाट बघून जनीला हसू आलं. तिने ती पाण्याबरोबर गिळली. मग भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदोनदा पाणी सोडायचं आणि कोणाला भेटायचं नाही. सिस्टर भिंतीतल्या स्पीकरवरून बोलणार आणि कॅमेऱ्यातून बघणार. भिकाजी धर्मशाळेत. जन्मभर बाजारात बसलेल्या बाईला चार भिंतींत एकटं ठेवणं ही खरी शिक्षा होती. तिने पहिल्या दिवशी त्या कॅमेऱ्याशीच गप्पा मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नम्रता दोन आठवडे आधीच मोकळी झाली होती. मुलगी. आई आणि लेक दोघी सुखरूप, रत्नागिरीच्या इस्पितळात. जावई रडत होता की हसत होता ते जनीला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवला आणि सांगायला खोलीत कोणी नाही. मग पन्नाशी ओलांडलेल्या ह्या बाईने पदर खोचला, दोन्ही हात पुढे करून हवेतच कोणाचे तरी हात धरले आणि एकटीने फुगडी घातली. पलंग आणि भिंत ह्यांच्या मधे जागा ती किती, पण तिने गिरक्या मारल्या. स्पीकर खरखरला आणि सिस्टर घाबऱ्या आवाजात विचारू लागली, मावशी, चक्कर येतेय का, काय होतंय तुम्हाला?

"आजी झालंय," जनीने सांगितलं आणि आणखी एक गिरकी घेतली.

हा आनंद घरी येईपर्यंत टिकला. घरी आल्यावर तिला कळलं, की तिच्या घरात विहीणबाई मुक्कामाला आलेल्या आहेत. नम्रताच्या सासूबाई, सोनूबाई, राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, आईच्या हातचं, ही रीत. इथे रीत उलटी होऊन सासू विहिणीच्या घरी येऊन बाळंतिणीची उस्तवार करत होती. आणि घरची मालकीण कुठे? किरण ओसरेपर्यंत गडग्यापलीकडच्या, मुंबईकर चुलत दिरांच्या एरवी बंद असणाऱ्या घरात. मधे चार दगडांचा गडगा, अलीकडे नात, पलीकडे आजी. बाळाला मांडीवर घ्यायला शिमगा उजाडेपर्यंत थांबायचं होतं.

वाडीत बातमी पसरली, की जनीआते अंधारात चमकते. काही बायका मुद्दाम तिन्हीसांजेला गडग्यापाशी येऊन बघून गेल्या. भिकाजीने सांगितलं, चमकत असती तर बरंच झालं असतं, वीज गेल्यावर तिच्या उजेडात जाळं विणलं असतं. आजार कोणाला लागत नाही, किरण थोड्या दिवसांचे असतात आणि सावधगिरी फक्त लहानग्यांसाठी आणि पोटुशींसाठी, हेही त्यानेच सगळ्यांना पटवून दिलं. पण तोवर दोन दिवस जनीच्या दारात नारळ ठेवून लोक लांबूनच पळत होते.

जनीला त्याचं काही वाटलं नाही. तिचा जीव अडकला होता समोरच्या मागीलदारी. दहा वाजले की सोनूबाई पाट घेऊन न्हाणीच्या बाहेर यायच्या आणि उघड्यावर, कोवळ्या उन्हात बाळाला न्हाऊ घालायच्या. जनी पडवीतून बघायची आणि जळफळायची. एवढ्याशा पोरीला वाऱ्यावर आंघोळ! घरात चांगली न्हाणी आहे, चूल आहे, उबारा आहे. ती सोडून बया अंगणात बसते. तेल किती थोडं लावते! तांब्या केवढा उंच धरते! आवाज अजून पूर्ण सुटलेला नव्हता म्हणून तिने नम्रताला फोन करून फर्मानं सोडायला सुरुवात केली. टाळूला तेल जास्त घालायला सांग. मानेखाली हात धरायला सांग. नम्रता फोन घेऊन दारात उभी राहायची आणि काहीच सांगायची नाही. सोनूबाईही गडग्याकडे बघायच्या नाहीत. त्यांचं आपलं काम शांतपणे चालू. चौथ्या दिवशी जनीने भिकाजीला पलीकडे बोलावून बजावलं, की विहिणीला स्पष्ट सांग, बाळाला वारा लागतोय, न्हाणीत बस म्हणावं.

भिकाजी म्हणाला, तू जरा नीट बघ.

दुसऱ्या दिवशी जनीने नीट बघितलं. पाट मांडायच्या आधी सोनूबाईंनी दोऱ्या ताणल्या, त्यांवर जाड लुगडी टाकली. समुद्राकडची बाजू बंद केली. विहिरीकडची बंद केली. वाटेकडची बंद केली. तीन बाजूंनी आडोसा झाला, आत वाऱ्याची झुळूकही शिरायची नाही. चौथी बाजू तेवढी उघडी ठेवली, आणि ती बाजू गडग्याकडची होती. मग त्यांनी पाट असा वळवला, की पायांवर घातलेल्या बाळाचं तोंड पडवीकडे यावं. ही बाई घरातली ऊबदार न्हाणी सोडून रोज एवढा खटाटोप कशासाठी करत होती, ते जनीला तेव्हा कळलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याहून इतका आनंद झाला, की दोन्हींचं काय करावं ते तिला सुचेना. तिने पदर डोळ्यांना लावला आणि त्या दिवशी फोन केला नाही.

त्या संध्याकाळी तिनेच गडग्याशी येऊन, लांबूनच, सोनूबाईंना हाक मारली. काय बोलल्या ते दोघींनाच ठाऊक. पण दुसऱ्या दिवसापासून आंघोळीला नवा रंग चढला. सोनूबाई तेल लावायच्या आणि पलीकडून जनी आपल्या खरखरत्या आवाजात बाळाच्या आत्याला आणि काकांना नावं ठेवायची. आपल्याच लेकरांना नावं ठेवलेली ऐकून सोनूबाई हसायच्या आणि उलट भिकाजीची चार उणीदुणी काढायच्या. बाळंतीण दारात बसून दोन्हीकडचं ऐकायची.

दरम्यान मुंबईचा स्कॅन आला. गळ्यात जे काही चुकार राहिलं होतं त्याने आमिष पुरतं गिळलं होतं, बाकी अंगात कुठे काही नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, गळ्याची सोनोग्राफी करायची आणि रोज उठल्यावर रिकाम्या पोटी गोळी घ्यायची, चहा त्यानंतर तासाभराने. ह्यातलं चहाचं तेवढं जनीला जड गेलं. कॅन्सरशी तिने भांडण केलं नाही, पण त्या तासाशी ती रोज भांडते.

आणि शिमगा आला. पालखी निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, की आता खुशाल घ्या नातीला. जनी गडगा ओलांडून आपल्या घरी आली. तिने लिंबाच्या सालीने हात धुतले, जरी त्या महिन्यात तिने मासळीला हात लावलेला नव्हता. पाट ह्या वेळी न्हाणीत मांडला. ती बसली, पाय लांब केले, साडी खोचली. सोनूबाईंनी बाळाला आणून तिच्या पायांवर ठेवलं आणि तांब्या घेऊन शेजारी बसल्या. नम्रता दारात उभी राहिली.

जनीने तळहातावर तेल घेतलं आणि त्या इवल्या पाठीवर हात ठेवला. पोरीने मान तिरकी करून बघितलं. हे पाय तिच्या ओळखीचे नव्हते, हा हात तर मुळीच नव्हता. तिने ओठ काढला, छाती भरून घेतली आणि असं भोकाड पसरलं, की परसातल्या कोंबड्या पळाल्या. सोनूबाईंचा हात आपोआप पुढे आला आणि थांबला. जनीने मान हलवून नको म्हटलं. तिचे हात सरावाने चालत होते, पाठ, दंड, पोटऱ्या. पण तोंडातून एकही नाव, एकही आत्या, एकही काका निघेना. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने मुकाट्याने न्हाऊ घातलं. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते तांब्यातलं नव्हतं.

बाहेर भिकाजी पालखीच्या तयारीला निघाला होता. तो दाराशी थबकला आणि त्याने आत हाक दिली.

"कोण रडतंय गो?"

"दोघी," सोनूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कोपराने पाण्याचा ताव बघून तांब्या जनीच्या हातात दिला.